समतेचे पुरस्कर्ते आणि ‘स्त्रीवादी’ हे नाव

प्रस्तावना

‘स्त्री आणि पुरुष समान आहेत, हे मला मान्य आहे, पण मी काही स्त्रीवादी नाही.’ अशा आशयाचे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असते. कधी ते एखादी शिक्षिका बोलते, कधी एखादा तरुण बोलतो, तर कधी जिने आयुष्यभर मुलींच्या शिक्षणासाठी कष्ट उपसले अशी आजीही बोलते. यावर दुसरे कोणी म्हणते, ‘समानता मान्य असेल, तर तुम्ही स्त्रीवादीच आहात, मग नावाला का बिचकता?’ दोघेही एकाच मूल्याच्या बाजूने उभे असतात, तरीही त्यांच्यात वाद होतो. हा वाद केवळ शब्दाचा आहे, की शब्दामागे आणखी काही दडलेले आहे, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• ‘स्त्रीवाद’ ही संज्ञा कशी रूढ झाली, ते सांगता येईल;
• महाराष्ट्रातील समताविचारांची परंपरा आणि ही संज्ञा यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• हे नाव स्वीकारणाऱ्यांची व नाकारणाऱ्यांची कारणे मांडता येतील;
• या प्रश्नावर स्वतःचे मत कारणांसह व्यक्त करता येईल.

१. एका शब्दाची जन्मकथा

विचार आधी जन्माला येतो आणि त्याचे नाव मागाहून येते, असे इतिहासात अनेकदा घडले आहे. स्त्रियांच्या समान हक्कांचा विचार याला अपवाद नाही. इंग्लंडमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्ट यांनी स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन करणारा ग्रंथ १७९२ मध्ये लिहिला. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वचिंतकाचे स्त्रियांच्या पराधीनतेवरील पुस्तक १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोघांपैकी कोणीही स्वतःला ‘फेमिनिस्ट’ म्हणवले नाही, कारण या अर्थाने तो शब्द तोवर प्रचारातच आला नव्हता.

हा शब्द फ्रान्समध्ये घडला. अलेक्सांद्र द्युमा (धाकटा) या लेखकाने १८७२ मध्ये स्त्रियांच्या समानतेची मागणी करणाऱ्यांना उद्देशून तो वापरला, पण त्यात उपहासाचा सूर होता. पुढे दहा वर्षांनी चित्र पालटले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या ह्युबर्टीन ओक्लेर यांनी १८८२ च्या सुमारास हेच नाव अभिमानाने स्वतःला लावले. १८९२ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने तो शब्द आपल्या नावातच घेतला आणि त्याच दशकात तो इंग्रजीतही रुळला. म्हणजे थट्टेसाठी वापरलेला शब्द ज्यांची थट्टा झाली त्यांनीच उचलला आणि त्याचा ध्वज केला. या शब्दाभोवती आजही जो ताण जाणवतो, त्याचे मूळ त्याच्या जन्मकथेतच आहे.

२. १८८२ सालचा महाराष्ट्र

योगायोग असा, की पॅरिसमध्ये हा शब्द प्रतिष्ठा मिळवत असताना, नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्रात तीन महत्त्वाच्या घटना घडत होत्या.

पहिली घटना ताराबाई शिंदे यांच्या पुस्तकाची. सुरत येथील एका तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांत साऱ्या स्त्रीजातीलाच दोष देणारे लेखन होऊ लागले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटे पुस्तक लिहिले आणि ते १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, आणि विधवेवर लादलेली बंधने विधुरावर का नाहीत, असा त्यांचा थेट प्रश्न होता. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये (१८८५) त्यांची बाजू घेतली.

दुसरी घटना पंडिता रमाबाई यांची. त्यांनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि शिक्षणाची पाहणी करण्यासाठी आलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका तयार व्हाव्यात आणि स्त्रियांवर उपचार करण्यासाठी स्त्री डॉक्टर असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

तिसरी घटना म्हणजे याच आयोगाला जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन. सर्वसामान्य जनतेच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने लक्ष द्यावे, ही त्यातील मुख्य मागणी होती आणि मुलींच्या शिक्षणाचा विचारही त्यात होता. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्येच पुण्यात मुलींची शाळा काढली होती.

या तिघांपुढे ‘स्त्रीवाद’ हा शब्द नव्हता. तरीही आजचे अभ्यासक ताराबाईंच्या पुस्तकाला भारतातील स्त्रीवादी लेखनाचा आरंभीचा टप्पा मानतात. हे योग्य आहे काय? एक पक्ष म्हणतो, की ज्यांनी जे नाव स्वतःला लावले नाही, ते आपण त्यांच्यावर लादू नये. ते त्यांच्या काळाशी अन्याय करणारे ठरेल. दुसरा पक्ष म्हणतो, की गुरुत्वाकर्षण हे नाव मिळण्यापूर्वीही फळे खालीच पडत होती. विचाराची ओळख त्याच्या आशयावरून करावी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ताराबाईंचा विचार स्त्रीवादी होता, असे विधान अभ्यासाचे आहे. ताराबाई स्वतःला स्त्रीवादी मानत होत्या, असे विधान मात्र इतिहासाला धरून होणार नाही. या दोन विधानांमधील अंतर ध्यानात ठेवले, तर पुढील चर्चा सोपी होईल.

३. ‘सुधारणा’ ते ‘स्त्रीमुक्ती’

एकोणिसाव्या शतकात मराठीत या कार्याला ‘स्त्रीसुधारणा’ किंवा ‘स्त्रियांची उन्नती’ असे म्हटले जाई. या शब्दांत सुधारणारा कोणी एक आणि जिची सुधारणा करायची ती दुसरी, असा भाव नकळत येत असे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली. समाजाने त्यांना ‘महर्षी’ म्हटले. त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून संततिनियमनाचा आणि स्त्रीच्या स्वतःच्या देहावरील अधिकाराचा पुरस्कार केला. त्यांच्या वाट्याला मात्र खटले आणि उपेक्षा आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू संहिता विधेयकाद्वारे स्त्रीला वारसा आणि घटस्फोट यांबाबत हक्क मिळावेत म्हणून प्रयत्न केले. ते विधेयक रखडणे हे १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा देण्यामागचे एक प्रमुख कारण होते. या कोणालाही त्यांच्या काळात ‘स्त्रीवादी’ असे कोणी संबोधत नसे.

१९७५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले. त्याच सुमारास मुंबई, पुणे आणि अन्य ठिकाणी नव्या संघटना उभ्या राहिल्या आणि ‘स्त्रीमुक्ती’ हा शब्द मराठीत सर्वतोमुखी झाला. ताराबाईंचे विस्मरणात गेलेले पुस्तकही स. गं. मालशे यांनी याच वर्षी पुन्हा प्रकाशात आणले. ‘सुधारणा’ या शब्दात स्त्री ही कोणाच्या तरी कृपेचा विषय होती. ‘मुक्ती’ या शब्दात ती स्वतः कर्ती झाली. ‘स्त्रीवाद’ ही संज्ञा त्यानंतर विद्यापीठीय चर्चेतून आणि साहित्यसमीक्षेतून रूढ होत गेली. एकाच कार्याची ही तीन नावे. पण प्रत्येक नावाने त्या कार्याकडे पाहण्याची दिशा बदलली.

४. नाव नाकारणारे काय म्हणतात?

समता मानणारी अनेक माणसे हे नाव टाळतात. त्यांची कारणे सारखी नाहीत.

काहींचा आक्षेप भाषेशी निगडित आहे. मराठीत ‘वाद’ या शब्दाला सिद्धान्त असा अर्थ आहे, तसाच भांडण असाही आहे. शिवाय ‘वंशवाद’, ‘जातीयवाद’ यांसारख्या शब्दांत एका गटाच्या श्रेष्ठत्वाचा भाव असतो. त्यामुळे ‘स्त्रीवाद’ म्हणजे पुरुषांवर स्त्रियांचे वर्चस्व, असा समज सहज होतो. हा समज चुकीचा आहे. ‘मानवतावाद’ किंवा ‘समाजवाद’ या शब्दांत जसा विचारप्रणालीचा अर्थ आहे, तसाच तो ‘स्त्रीवाद’ या शब्दात आहे.

काहींना या नावाखाली येणारे सगळेच मान्य नसते. ‘मानुषी’ हे स्त्रीप्रश्नांना वाहिलेले नियतकालिक चालवणाऱ्या मधू किश्वर यांनी १९९० मध्ये, आपण स्वतःला स्त्रीवादी का म्हणवत नाही, यावर लेख लिहिला. पाश्चात्य समाजात घडलेली चौकट आणि तिच्यासोबत येणारे तयार निष्कर्ष भारतातील स्त्रियांच्या प्रश्नांना जसेच्या तसे लागू करू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते.

काहींचा अनुभव असा, की या नावाने ज्या ‘स्त्री’चा विचार केला तीत त्या स्वतः नव्हत्याच. अमेरिकेत ॲलिस वॉकर यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अनुभवासाठी ‘वूमनिस्ट’ ही वेगळी संज्ञा १९८३ च्या आपल्या पुस्तकात मांडली. भारतात दलित स्त्रियांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. जात आणि लिंगभेद यांचा दुहेरी भार वाहणाऱ्या स्त्रीचे दुःख केवळ ‘स्त्री’ म्हणून समजून घेता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचे कार्य नोंदवले. या आक्षेपामुळे स्त्रीवादाची हानी झाली नाही; उलट त्याची व्याप्ती वाढली आणि ‘दलित स्त्रीवाद’ ही विचारधारा पुढे आली.

इंदिरा गांधी यांनीही १९८० मध्ये दिल्लीतील एका भाषणात आपण स्त्रीवादी नसल्याचे सांगितले. मात्र वंचितांची काळजी वाहताना, शतकानुशतके दडपल्या गेलेल्या स्त्रियांकडे दुर्लक्ष कसे करता येईल, असेही त्याच भाषणात विचारले. नाव नाकारणे म्हणजे प्रश्न नाकारणे नव्हे, हे यावरून दिसते.

५. नावाचा आग्रह धरणारे काय म्हणतात?

नावाचा आग्रह धरणाऱ्यांचे पहिले म्हणणे असे, की ‘समता’ हा शब्द सुंदर असला तरी तो कोणाची विषमता दूर करायची हे सांगत नाही. एक उदाहरण पाहू. एका घरात मुलगा आणि मुलगी दोघेही शाळेत जातात. दोघांनाही सारखीच पुस्तके मिळतात. आईवडील म्हणतात, ‘आमच्या घरी भेदभाव नाही.’ परंतु संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसतो आणि मुलगी पाणी भरते, भांडी घासते, धाकट्या भावंडाला सांभाळते. पुस्तके समान आहेत, वेळ मात्र समान नाही. ही विषमता दिसण्यासाठी कोणीतरी मुद्दाम मुलीच्या बाजूने घराकडे पाहावे लागते. स्त्रीवाद म्हणजे असे पाहणे होय.

हे केवळ एका घराचे चित्र नाही. भारत सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. हा फरक कोणत्याही कायद्याने लादलेला नाही. तो सवयीतून आणि अपेक्षांतून आला आहे. म्हणूनच तो सहज दिसत नाही.

भारतीय राज्यघटनेने हे तत्त्व ओळखले आहे. अनुच्छेद १४ कायद्यापुढे समानता देतो आणि अनुच्छेद १५ लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करतो. परंतु अनुच्छेद १५(३) स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतुदी करण्याची राज्याला मुभा देतो. सर्वांना एकसारखे वागवणे म्हणजे नेहमीच समता नव्हे. जे मागे ठेवले गेले त्यांच्यासाठी वेगळे पाऊल उचलावे लागते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, त्यामागे हाच विचार होता.

त्यांचे दुसरे म्हणणे कृतज्ञतेचे आहे. आज मुलगी मतदान करते, पदवी घेते, वडिलोपार्जित संपत्तीत वाटा मागू शकते. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या संपत्तीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. हे हक्क आपोआप मिळाले नाहीत. त्यांचा लाभ घ्यायचा आणि ज्या चळवळींनी ते मिळवण्यासाठी कष्ट घेतले त्यांच्या नावाची थट्टा करायची, हे योग्य नव्हे, असे त्यांना वाटते. नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २०१२ मध्ये दिलेले आणि २०१४ मध्ये पुस्तकरूपाने आलेले व्याख्यान आपण सर्वांनीच स्त्रीवादी असले पाहिजे, अशी भूमिका मांडते.

मतपरिवर्तनाचेही उदाहरण आहे. सीमोन द बोव्हार यांनी स्त्रीच्या स्थितीचा सखोल वेध घेणारा ग्रंथ १९४९ मध्ये लिहिला. त्या काळी त्या स्वतःला स्त्रीवादी म्हणवत नव्हत्या. समाजवाद आला, की स्त्रियांचा प्रश्नही सुटेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती अपेक्षा फोल ठरल्यावर १९७२ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी आपण स्त्रीवादी असल्याचे जाहीर केले. याउलट व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३८ मध्ये, स्त्रीला स्वकष्टाने कमावण्याचा हक्क मिळाल्यावर हा जुना शब्द जाळून टाकावा, असे उपरोधाने सुचवले होते. आज मात्र त्यांची गणना थोर स्त्रीवादी लेखिकांमध्ये होते.

६. विचार, नाव आणि आचरण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समतेच्या प्रत्येक पुरस्कर्त्याला स्त्रीवादी म्हणावे काय?

शब्दाचा गाभा पाहिला तर उत्तर बहुतांशी होकारार्थी येते. स्त्री आणि पुरुष माणूस म्हणून समान आहेत आणि समाजव्यवस्थेने स्त्रीला दिलेले दुय्यमत्व दूर झाले पाहिजे, एवढे ज्याला मान्य आहे, त्याचा विचार स्त्रीवादाच्या कक्षेत येतो; मग तो विचार करणारी स्त्री असो वा पुरुष. जोतीराव फुले किंवा र. धों. कर्वे यांचे कार्य पाहता, हा विचार केवळ स्त्रियांचा आहे असे म्हणता येत नाही.

परंतु विचाराला नाव देणे वेगळे आणि माणसाला नाव चिकटवणे वेगळे. ज्या स्त्रीला त्या नावात आपला अनुभव सामावलेला दिसत नाही, तिच्यावर ते लादणे हे समतेच्याच तत्त्वाला छेद देणारे आहे. स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क स्त्रीला मिळावा, यासाठीच तर ही चळवळ आहे. त्याचप्रमाणे, एखाद्या मुलीने आपला न्याय्य हक्क मागताच ‘ही फार स्त्रीवादी झाली’ असे म्हणून तिचे तोंड बंद करणे, हाही नावाचा दुरुपयोगच होय. नाव लादणारा आणि नावाची शिवी करणारा, असे दोघेही मूळ प्रश्न बाजूला सारतात.

या पेचातून अमेरिकन विचारवंत बेल हुक्स यांनी १९८४ मध्ये एक मार्ग सुचवला. ‘मी स्त्रीवादी आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘मी स्त्रीवादाचा पुरस्कार करते’ असे म्हणावे, अशी त्यांची सूचना होती. पहिल्या वाक्यात ओळख आहे, दुसऱ्यात कृती आहे. ओळखीवरून ‘आपले’ आणि ‘परके’ अशा भिंती उभ्या राहतात. कृतीत मात्र कोणालाही सहभागी होता येते. त्याचबरोबर नुसते नाव धारण करून कोणी जबाबदारीतून मोकळाही होत नाही. सभेत समतेवर भाषण करणारा माणूस घरी आल्यावर पाण्याचा पेला जागेवर मागत असेल, तर त्याने स्वतःला कोणतेही नाव लावले तरी त्याला अर्थ उरत नाही. आणि जिने तो शब्द कधी ऐकलाही नाही, अशी एखादी माता स्वतःच्या ताटातले वाढून मुलगा आणि मुलगी यांना सारखेच जेवू घालत असेल, मुलीचे लग्न लांबवून तिला शिकवत असेल, तर शब्दाचा आशय ती जगत असते.

मात्र नावाला काहीच महत्त्व नाही, असेही समजू नये. ज्या अन्यायाला नाव नसते, त्याच्याविरुद्ध बोलणे कठीण जाते. म्हणून हे नाव स्वीकारण्यापूर्वी त्याचा अर्थ जाणून घ्यावा आणि नाकारण्यापूर्वीही तो जाणून घ्यावा. आपण नेमके काय नाकारत आहोत, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे द्यावे. नाकारायचा आहे तो केवळ शब्द आहे, की त्या शब्दाने मागितलेला बदल, हे त्या उत्तरातूनच स्पष्ट होईल.

शब्दार्थ

पुरस्कर्ता – पाठिंबा देणारा, समर्थक
संज्ञा – विशिष्ट अर्थाने रूढ झालेले नाव
उपहास – थट्टा, कुचेष्टा
सर्वतोमुखी – सर्वांच्या बोलण्यात असलेला
फोल – व्यर्थ, पोकळ
छेद देणे – विरोधात जाणे, खोडून काढणे

स्वाध्याय

१. ‘फेमिनिस्ट’ या शब्दाचा अर्थ १८७२ ते १८८२ या काळात कसा पालटला, ते थोडक्यात लिहा.
२. ‘स्त्रीसुधारणा’, ‘स्त्रीमुक्ती’ आणि ‘स्त्रीवाद’ या तीन शब्दांतील दृष्टिकोनाचा फरक स्पष्ट करा.
३. ‘पुस्तके समान आहेत, वेळ मात्र समान नाही’ या वाक्यातील विचार तुमच्या परिसरातील एका उदाहरणाने समजावून सांगा.
४. तुमच्या घरातील कामांची एका दिवसाची नोंद करा. कोणते काम कोण करते आणि त्याला किती वेळ लागतो, हे पाहून दहा ओळींत आपले मत लिहा.